खळ्यावरचं वारं

११ फेब्रुवारी, मंगळवार

लेकीला, रेणूला, सोलापूरच्या दवाखान्यातून घरी आणलं. टाचेचं हाड मोडलंय, कमरेच्या एका मणक्याला चीर. पायाला प्लास्टर, कमरेला पट्टा, सहा आठवडे. डॉक्टर वयानं तिच्याहून लहान असावा. मला म्हणतो, "मावशी, नशीब समजा." म्हटलं, नशीब तुम्ही समजा, मला एक्स-रे समजावून सांगा. मग सांगितलं नीट.

मंगळवार, देवीचा वार, म्हणजे दर्शनाची गर्दी. घाटात गाड्यांची रांग. रे. मागच्या सीटवर आडवी, डोळे मिटून. एका वळणावरून वरचा कडा दिसतो. मी त्या बाजूला पाहिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी पॅराग्लायडिंग शिकली तेव्हा फोटो पाठवला होता. खाली धरणाचं पाणी, वर पिवळं कापड, मधे ही लोंबकळतेय, तोंडभर हसू. मी उत्तर लिहिलं होतं, "केस बांधत जा."

घरी आलो तर दारात अकरा चपला. सगळ्यांचं एकच, देवीनं वाचवलं. देवीनं वाचवलं, तर पाडलं कुणी? हे मी मोठ्यानं बोलले नाही. (बोलले. पण स्वयंपाकघरातून.)

१२ फेब्रुवारी, बुधवार

रविवारचं नीट लिहून ठेवते. आठवण दोन दिवसांत सोयीची व्हायला लागते.

रे., तिला उडायला शिकवणारा विक्रम आणि दोन मित्र पुण्याहून नवी जागा बघायला आले होते. तामलवाडीच्या वरचा कडा. दुपारी सोलापूरच्या बाजूनं वारं येतं, कड्याला धडकून वर चढतं, आणि त्या चढत्या वाऱ्यावर ही माणसं कड्याच्या कडेकडेनं येरझारा घालतात. तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. दिवसा वारं दरीतून डोंगर चढतं, हे फळ्यावर बाण काढून काढून खडू झिजवले. त्या बाणावर कुणी बसेल असं कधी वाटलं नव्हतं. माझ्याच पोटची बसली.

उड्डाण छान झालं. अर्धा तास फिरली. मग ठरल्याप्रमाणे माथ्यावर उतरायला आली, आमच्या माहेरच्या जुन्या खळ्यावर. खळं खिंडीच्या अगदी तोंडाशी आहे. पुढं दरी, मागं उताराचं खोलगट लवण. शेत आता चुलतभावाकडं. त्याची बायको शांता आणि मी खळ्यावर उभ्या होतो. माझ्या हातात चहाचा थर्मास.

रे. दरीकडं तोंड करून आमच्या डोक्यावर आली, दोन कडुलिंब एकावर एक ठेवावेत एवढ्या उंचीवर. आणि थांबली. हवेतच.

शांता म्हणाली, "वन्सं, ही थांबली कशी ओ?"

मला वाटलं, पोरगी कसरत दाखवतेय. मी पदर हलवला, ये म्हणून.

मग ती मागं सरकायला लागली. तोंड दरीकडं आणि जातेय उलटी. आमच्या डोक्यावरून मागच्या लवणावर गेली, तिथं कापडाची एक बाजू पापड मोडावा तशी मोडली, एक गिरकी, आणि बांधाच्या दगडांवर...

आवाज लिहीत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पाहुणे, पाहुणे. एक बाई खोबरं-खारकांची पुडी घेऊन आल्या आणि रे.च्या उशाशी बसून म्हणाल्या, "वेळेत लग्न झालं असतं तर हे खूळ सुचलंच नसतं." मी म्हटलं, तुमचे मालक दोनदा मोटारसायकलवरून पडले, त्यांचं लग्न वेळेतच झालं होतं ना? चहा न घेता गेल्या. खारका मात्र राहिल्या. उत्तम आहेत.

कुणीतरी पडतानाची चित्रफीत काढून फिरवलीय, वर गाणं लावलंय. दूधवाला म्हणाला, "बाई, तुमच्या रेणूताईची छत्री परंड्यापातूर पोचली."

दुपारी विक्रमचा फोन. पाच दिवस साठवलेलं सगळं त्याला ऐकवलं. शिकवता कशाला, जागा पाहता येत नाही तर? माणसं म्हणजे पतंग आहेत का? मग तो हळू म्हणाला, "मॅडम, जागा आम्ही सकाळी पाहिली होती. सपाट, मोकळी, तारा नाहीत. आणि इथल्या माणसाकडून माहितीही घेतली होती."

"कुणाकडून?"

"तुमच्याकडून, मॅडम."

मी फोन ठेवला.

खरं आहे ते. शनिवारी रे.नं विचारलं होतं, "आई, माथ्यावर उतरायला मोकळी जागा कुठंय? वारं नीट लागेल अशी." मी क्षणभरही विचार केला नाही. म्हटलं, आपलं खळं. तिथलं वारं कधी पडत नाही.

अभिमानानं सांगितलं होतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

झोप नाही. खळंच डोळ्यापुढं.

मी नऊ-दहा वर्षांची. सोलापूरच्या कॉन्व्हेंटमधून सुट्टीला आलेली, पायात पांढरे मोजे, जिभेवर इंग्रजी कविता. आई मोजे काढायला लावायची आणि खळ्यावर न्यायची. शेणानं सारवलेलं, आरशासारखं खळं. मधे तिवडा रोवलेला, त्याभोवती बैल फिरून मळणी झालेली. मग उफणणी. आई उंच तिवईवर चढायची, खालून मावशी सूप भरून द्यायची. आई सूप डोक्याच्या वर धरायची आणि थांबायची. वाट बघायची. मानेवरचे केस हलले की म्हणायची, "आलं." मग सूप हलवायची. ज्वारी सरळ खाली, पायाशी रास. भुसकट मागं.

गावात इतरांच्या खळ्यांवर वारं पडायचं. बायका तासन्‌तास सूप धरून बसायच्या, वाऱ्याच्या नावानं ओव्या म्हणायच्या. आमच्या खळ्यावर कधीच नाही. आजोबांनी म्हणे तीन जागा बघून ही निवडली होती, खिंडीचं तोंड. अर्ध्या गावाची रास आमच्या खळ्यावर उफणून जायची. त्या बदल्यात कुणी काही मागितलं नाही, कुणी काही दिलं नाही. जाताना एक सूप ज्वारी मात्र आईच्या ओटीत पडायची.

संध्याकाळचं ऊन त्या भुसकटातून यायचं. सगळी हवा सोन्याची. हॉस्टेलात रात्री डोळे मिटले की मला तेवढंच दिसायचं. आई उंच उभी, हात वर, आणि मागं सोनं उडतंय.

कॉन्व्हेंटच्या मुली विचारायच्या, तुमच्याकडं काय आहे? मी सांगायचे, आमच्याकडं वारं आहे.

साठ वर्षांनी मुलीलाही तेच सांगितलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

रे. आज उठून बसली. लगेच मांडीवर लॅपटॉप. यांच्यात पद्धत आहे, कुणी पडलं की काय झालं ते लिहून सगळ्यांना पाठवायचं, पुढच्यानं शिकावं म्हणून. चांगली पद्धत. आमच्या शिक्षण खात्यात असती तर कपाटं पुरली नसती.

मला वाचायला दिलं, इंग्रजी तपास म्हणून. स्वल्पविराम दुरुस्त केले. मधे एक वाक्य होतं. उतरण्याच्या क्षणी वारं अचानक वाढलं.

मी तिथं थांबले.

"हे कुणी सांगितलं?"

"विक्रम म्हणाला. खाली उड्डाणाच्या जागी वारं अगदी बेताचं होतं. वर आले तर पुढंच जाईना. म्हणजे अचानक वाढलं असणार."

पुढचा स्वल्पविराम दुरुस्त केला.

अचानक कुठलं? ते वारं माझ्या आजोबांच्या काळापासून तसंच आहे. सबंध दरीचं वारं त्या एका खिंडीतून घुसतं. नळाच्या तोंडावर बोट दाबलं की पाणी जोरात उडतं, हे मी सहावीच्या वर्गात बादली आणून करून दाखवलंय. आणि स्वतःच्या शेतात मला ते दिसलं नाही.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरची एक वही असायची. शनिवारी प्रत्येकीनं त्यात आठवड्यातली चूक लिहायची. फक्त स्वतःची. दुसरीची लिहिली तर ती आपली दुसरी चूक धरायची. माझ्या नावावर कायम दोन असायच्या.

रे.नं संध्याकाळी ते पाठवून दिलं. मी पाठवू दिलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज बरोबर दोन आठवडे.

रे.चा फोन सारखा वाजतोय. तिच्या गटातल्या एकानं लिहिलंय, जागा सुंदर दिसते, वारं बेताचं असेल त्या दिवशी एप्रिलमध्ये आम्ही चौघं येतो, त्याच खळ्यावर उतरू. रे. हसून वाचून दाखवत होती. मी उठून कप विसळायला गेले.

दुपारी शांता आली. भाकरी, ठेचा आणि ताकाची किटली. रे.ला पोटभर जेवू घातलं, मग माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसली. ती काहीतरी बोलायचं म्हणून आलेली आहे हे मला कळतं. अशा वेळी ती पदराचं टोक पिळते.

"वन्सं, रागवू नका. म्या त्या दिशी म्हणणार व्हते."

"काय?"

"की तितं नका उतरवू लेकराला. तितलं वारं उफणायला बेस. पर म्होरं लई वढतं, आन् मागं लवणात गेलं की उलटं फिरतं. भुसकट जातं आन् परत येतं. तुमाला ठावं न्हाय व्हय?"

"परत येतं?"

"अवो, आत्याबाई आमाला बांधाकडं बसू द्यायच्या न्हाईत. डोळ्यात भुसकट जातं म्हनायच्या."

आत्याबाई म्हणजे माझी आई.

आणि आठवलं. एकदम, सगळं. मी बांधाच्या सावलीला पुस्तक घेऊन बसलेली, वारं पुढून येतंय, आणि भुसकट मात्र पाठीमागून डोक्यावर पडतंय. मानेत, फ्रॉकच्या आत. रात्रभर खाज. आई ओरडलेली, "त्या लवणाकडं बसू नकोस म्हणून कितीदा सांगू? तिथलं वारं फिरतंय!" मला गंमत वाटली होती, वारं कसं फिरेल? हॉस्टेलला गेल्यावर सोनं तेवढं लक्षात ठेवलं. खाज विसरले.

शांताला विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"तुमी मास्तरीण. त्यात पुन्याची मान्सं, त्यांच्याकडं वारं मोजायची यंत्रं. तुमी म्हनला हितं उतरायचं. म्या अडानी काय मधी बोलू?" मग थोड्या वेळानं, "आन् वन्सं, तुमच्यापुडं बोलायचं म्हंजे..."

वाक्य पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती. माझी जीभ सगळ्या गावाला माहीत आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सांगायचं ठरवलं. नाही सांगितलं. रे.ला ताप होता. (नव्हता. थोडी कणकण म्हणाली.)

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज महाशिवरात्र. उपासाची भगर करता करता बोलले. तोंड शेगडीकडं होतं, ते बरं पडलं. सगळं सांगितलं. खिंड, लवण, फिरून येणारं भुसकट, आईचं ओरडणं, शांताचं गप्प बसणं आणि ते का, तेही. म्हटलं, ते वाक्य काढ. वारं अचानक वाढलं नव्हतं. लिही, आईनं चुकीची जागा सांगितली.

वळून पाहिलं तर पोरगी कागदावर काहीतरी काढत होती. खिंड, खळं, लवण.

"भुसकट किती लांब जाऊन परत यायचं?"

"काय?"

"आई, आठव. बांधापर्यंत? की त्याच्याही पुढं?"

"मी काय सांगतेय आणि तू काय विचारतेस! माझ्यामुळं तुझा मणका..."

"आई, तू उडत नव्हतीस. उतरण्याआधी जागेवर उभं राहून वारं मोजायचं असतं, खिंडीमागं काय आहे ते बघायचं असतं. मी नाही मोजलं. तू म्हणालीस आपलं खळं, आणि मला वाटलं, आजीचं खळं, तिथं काय होणार? दोन वर्षांत शिकलेलं सगळं त्या एका शब्दापायी विसरले. ही माझी चूक आहे."

"माझी आहे."

"तू सगळ्यांची सगळी कामं ओढून घेतेस. निदान चूक तरी माझी राहू दे."

भांडलो. भगर लागली खाली. साठ वर्षांपूर्वीची वही आठवली. सिस्टर असत्या तर दोघींना शाबासकी देऊन दोघींनाही कोपऱ्यात उभं केलं असतं.

शेवटी तिनं नवं वाक्य लिहिलं. मी मागं उभी राहून वाचत होते. त्यात लिहिलंय की हे वारं तिथं रोजचंच आहे, गावातल्या उफणणाऱ्या बायकांना ते माहीत आहे, आम्ही त्यांना विचारलं नाही. शांताचं नाव घातलं. माझं नाही.

मी म्हटलं, "माझं घाल."

"गावातल्या बायकांत तू पण आहेस ना?"

नाही, मी त्यातली नाही. मी मोजे घातलेली. हे इथंच लिहिते.

दुरुस्ती पाठवली आणि एप्रिलवाल्या चौघांचा निरोप आला, तिथं उतरणार नाही. लांबूनच कडा बघतील.

८ मार्च, शनिवार

शांताच्या घराच्या माळवदावर ते पिवळं कापड अपघातापासून गुंडाळून पडलं होतं. घरी आणलं. अंगणात उलगडलं तर अंगणच पुरेना. कापडात काटे, सराटे, बांधाचं गवत. एक-एक वेचत बसले. कापड किती पातळ! माझ्या धुवट साडीहून पातळ. हिच्या जिवाला याचा भरवसा.

एका शिवणीत चिमूटभर जुनं भुसकट अडकलेलं. खळ्यावर मळणी होऊन युगं झाली, आता यंत्र रस्त्यावरच येतं. मग हे कुठलं? बांधाच्या दगडांत राहिलेलं असणार. हातावर घेऊन वास घेतला. मातीचा होता, दुसरा कशाचा नाही.

खिडकीतून रे. ओरडली, "आई, कापड उन्हात नको! उन्हानं कच्चं होतं!"

सावलीत ओढलं.

मग कळलं, ती काय म्हणाली ते. कच्चं होऊ नये म्हणजे पुन्हा लागणार आहे.

विचारलं नाही. हे असते तर म्हणाले असते, तुझ्यावरच गेलीय. मी म्हटलं असतं, माझे पाय कायम जमिनीवर होते. ते हसले असते. जिभेबद्दल काहीतरी बोलले असते.

२३ मार्च, रविवार

प्लास्टर परवा काढलं. पाय बारीक झालाय, कातडी सापाच्या कातीसारखी. कुबडी घेऊन चालते.

सकाळीच म्हणाली, "खळ्यावर ने मला." डॉक्टर, पाहुण्या, देवी, सगळ्यांची नावं माझ्या तोंडावर आली होती. गाडी काढली.

शांतानं हरभरा काढलाय. थोडा घरच्यापुरता हातानं बडवून ठेवला होता, मुद्दाम. तिवई पण कुठून कुठून शोधून आणलेली, एका पायाला दोरी. मला म्हणाली, "चढा वन्सं." अडुसष्ट वर्षं वय, चढले. तिनं सूप भरून दिलं. हात वर धरला आणि थांबले. किती वर्षांनी.

रे. बांधापासून दूर, शांताच्या खाटेवर, हातात कागद. दरीत तामलवाडीची पत्र्याची छपरं चमकत होती.

काही नाही. काही नाही. मग मानेवरचे केस हलले.

"आलं," मी म्हणाले. आईचाच आवाज निघाला.

हरभरा सरळ पायाशी. भुसकट मागं उडालं, लवणावर गेलं, खाली बुडालं, आणि बांधाशी वळून उलटं वर आलं. माझ्या पाठीवर, मानेत, ब्लाउजच्या आत. खाज सुटली. शांता तोंडाला पदर लावून हसतेय.

रे. हसत नव्हती. डोळे बारीक करून भुसकट कुठं वळतं ते बघत होती. कागदावर एक गोल काढला, त्याला बाण लावला. मी शाळेत काढायचे तसाच. मग तिनं बांधापासून उजवीकडं नजर नेली, जिथं कडा सरळ आणि पसरट आहे, खिंड नाही, लवण नाही, शांताची ज्वारीची मोकळी वावरं आहेत.

"शांतामामी, तिथं वारं कसं असतं?"

शांता आधी माझ्याकडं बघायला लागली. मी सुपाकडं बघितलं. तोंड मिटून.

मग शांता सावकाश बोलू लागली, "तितं ना, तितं सकाळी येगळं आन् दुपारी येगळं..."

रे.नं नवा कागद घेतला. मी तिवईवरून सूप खाली धरलं. अजून अर्धी रास बाकी होती.